कृपावर्ष आणि कालवांची किमची

कठीण वर्ष कोणत्याही प्रतिष्ठित संस्थेला शोभत नाही. म्हणून जबाबदार संस्था वर्ष संपत आले की आधी त्याचे नाव बदलतात. दक्षिण कोरियातल्या देगू शहरातल्या संत ओदिलिया मुलींच्या शाळेने आपल्या वर्षाला 'कृपावर्ष' म्हणायचे ठरवले आणि फेब्रुवारीतल्या समारोपात त्याचे सिंहावलोकन ठेवले. त्यात आरोग्यावर चार शब्द बोलायचे काम आरोग्यशिक्षिका मेंग मि-रान यांच्याकडे आले. 'उलटी' हा शब्द टाळावा, एवढीच शाळेच्या समितीची अट होती. ('शुद्धीकरण' चालणार होते.)

शुद्धीकरण झाले होते डिसेंबरात, मारियामातेच्या सणाला. माजी विद्यार्थिनी संघाच्या अध्यक्षा कू मॅडम यांनी स्वतःच्या हातांनी किमची, म्हणजे कोबीचे तिखट लोणचे, करून पिंपेच्या पिंपे शाळेत आणली. ताजी, लालभडक आणि शिंपल्यांतून काढलेल्या कच्च्या कालवांनी भरलेली. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मा जोम-रे यांनी झाकण उघडून वास घेतला आणि मुख्याध्यापिका सिस्टर स्कोलास्टिका यांना बाजूला घेतले.

"सिस्टर, यात कच्ची कालवं आहेत. मोठ्यांचं मोठ्यांपाशी, पोरींना नको वाढायला."

कू मॅडमचे कान अजून म्हातारे झाले नव्हते. "आमच्या आया अशीच करायच्या. त्या काय मेल्या?" त्या म्हणाल्या. (मेल्या होत्या, पण इतर कारणांनी.)

सिस्टरांनी नव्या प्रार्थनामंदिराचा विचार केला. त्याचे छप्पर कू मॅडम देणार होत्या. मा बाईंनी मग निदान नियमाप्रमाणे तपासणीसाठी किमचीचा नमुना डब्यात काढून ठेवू का, असे विचारले. भेट म्हणजे अन्न नव्हे, आणि भेटीचा नमुना ठेवणे म्हणजे पाहुण्यांवर पोलीस बसवणे, असे त्यांना समजावण्यात आले. मेंगबाई तिथेच ताटली घेऊन उभ्या होत्या. मा बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. मेंगबाईंची नोकरी अजून कायम व्हायची होती. त्यांनी ताटलीकडे पाहिले.

दुसऱ्या दिवशी आजारी पडलेल्या मुलींची संख्या शाळेने 'काही' अशी कळवली. काही म्हणजे एकशे त्रेचाळीस. मेंगबाई बादल्या घेऊन धावल्या, कपाळे धरली, रडणाऱ्या आयांना फोनवर धीर दिला. दोन मुलींना सलाईन लागले. कारणांचा शोध घेतला तेव्हा परीक्षेची धास्ती, उत्तरेचे वारे आणि हल्लीच्या मुलींची पोटे ही तीन कारणे पुढे आली. पालिकेच्या माणसांनी नमुना मागितला, तो नव्हता. नमुना ठेवण्याची जबाबदारी कुणाची? स्वयंपाकघराची. इतका स्वच्छ निष्कर्ष शाळेच्या इतिहासात क्वचितच निघाला असेल. मा बाईंना काढण्यात आले नाही. त्यांना विश्रांती देण्यात आली. सोबत एक जपमाळ आणि शाळेचे नाव छापलेला टॉवेल.

समारोपाच्या दिवशी आधी हिवाळ्यात बॉयलर फुटल्याबद्दल देवाचे आभार मानून झाले (थंडीने मुली एकमेकींच्या जवळ आल्या) आणि मेंगबाईंचे नाव पुकारले गेले. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

"मुली किमचीतल्या कालवांमुळे आजारी पडल्या," त्या म्हणाल्या. "मा बाईंनी आधीच सांगितलं होतं. मी तिथे होते, सगळं ऐकलं आणि गप्प बसले. त्यांना परत बोलवा."

मेंगबाईंना वाटले, आता आपली नोकरी गेली. आणि कितीतरी आठवड्यांनी छाती हलकी झाली. तेवढ्यात सिस्टर उठल्या, त्यांनी बाईंना मिठी मारली आणि माइक हातात घेतला. मनातली सल अशी मोकळी करायला केवढे धैर्य लागते, हेच तर या वर्षाने आपल्याला दिले, असे त्यांनी सांगितले. टाळ्या थांबेनात. सर्वांत जास्त कू मॅडम रडल्या.

"पण मा बाई?" मेंगबाईंनी हळूच विचारले.

"आज क्षमेचा दिवस आहे, बाई," सिस्टर म्हणाल्या. "मा बाईंना आम्ही केव्हाच क्षमा केलीय."

मग जेवण झाले. किमची पुन्हा कू मॅडमची, कालवे पुन्हा कच्ची. पहिला घास त्यांनी स्वतःच्या जेवायच्या काड्यांनी मेंगबाईंच्या वाटीत ठेवला. "खा हो. मनात काही ठेवू नका." पाचशे डोळे वाटीवर होते. बाईंनी खाल्ले. (चव उत्तम होती, हे नमूद केलेच पाहिजे.)

त्या रात्री मेंगबाई पोटावर हात ठेवून वाट पाहत बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आजारी पडायची इच्छा होती. काहीच झाले नाही. त्यांनाही नाही, आणि इतर कुणालाही नाही.

यावरून समितीने पुढीलप्रमाणे विचार केला: किमची निर्दोष आहे, किमची निर्दोष असेल तर दोष दुसऱ्या कुणाचा तरी होता, आणि तो काढून टाकल्यावरच मुली सुखरूप राहिल्या. ठराव हात वर करून मंजूर झाला. प्रामाणिकपणाची कदर म्हणून मेंगबाईंना त्याच बैठकीत कायम करण्यात आले. त्यांनी आभार मानले.

कुणी आजारी पडले नाही हे वाचून तुम्हालाही हायसे वाटले असेल. मेंगबाईंची नोकरी टिकली, हेही बरेच झाले. मा बाईंचे पोट आता कशावर चालते, हे शाळेत कुणी विचारले नाही. तुमच्याही मनात आले नसेल, तर संकोच नको; या शाळेत तुमचे छान निभले असते.