दोन खोल्या, पत्र्याचं छत

भीमाशंकर आप्पांनी एसीवर जुनी चादर टाकली, चादरीवर कॅलेंडर अडकवलं आणि चार पावलं मागं सरून पाहिलं. भिंतीला गळू झाल्यासारखं दिसत होतं.

"अजून काय काय झाकणार?" दानम्मा म्हणाल्या. "फ्रिजला लुगडं नेसवू का?"

"नेसव," आप्पा म्हणाले. ते थट्टेच्या मनःस्थितीत नव्हते.

नगरपरिषद घरपट्टीची आकारणी नव्यानं करत होती. आठ दिवस घंटागाडी कचऱ्याबरोबर तेच ओरडत होती. आता खरं मोजमाप, खरा वापर. फॉर्म स्वतः भरा, मग आमची माणसं घरी येऊन तुमच्याशी बोलतील, आणि शनिवारी सभागृहात सर्वांच्या हरकती ऐकू. कोणीही घाबरू नये. हे शेवटचं वाक्य ऐकून गाव जास्तच घाबरलं होतं.

आप्पांनी फॉर्मवर लिहिलं होतं, 'दोन खोल्या, पत्र्याचं छत.' खरं घर तीन मजली होतं. खाली भुसार दुकान, गोदाम आणि मागं राहत्या दोन खोल्या, वर दोन शिक्षकांचे संसार भाड्यानं. पत्रा होता, नाही असं नाही. पण तो गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर होता.

या घरात आणखी एक घोर होता. थोरल्या सोमेशला तेहतिसावं लागलं होतं. पोरगा निर्व्यसनी, दुकान सांभाळणारा, पण अकरा ठिकाणांहून एकच निरोप आला होता, नोकरीवाला पाहिजे. लोक विचारतात म्हणून दानम्मांनी लग्नांना जाणं सोडलं होतं. आता देगलूरची अक्षरा नावाची मुलगी फोनवर सोमेशशी दोनदा बोलली होती आणि दोन्ही वेळा हसली होती. तिच्या घरचे रविवारी घर बघायला येणार होते. ही सोयरीक मोडली तर पोरगा तसाच राहील, या भीतीनं दानम्मांना अन्न गोड लागत नव्हतं.

गुरुवारी दुपारी दारात दोघं उभे राहिले. पुरुष पन्नाशीचा, हातात डायरी. बाई आत येताच बोटानं भिंत वाजवून पाहू लागल्या.

"घर बघाय आलोत," पुरुष म्हणाला.

"बघा की," आप्पा म्हणाले. "आमच्याकडं लपवायला हाय काय?"

"खोल्या किती?"

"दोन. वर पत्रा. पावसाळ्यात दीड."

"वरचे मजले?"

"ते आमचे न्हाईत. भावकीचे हायेत. कोर्टात भांडण चालू हाय."

डायरीवाल्यानं बाईंकडं पाहिलं. बाईंनी तोंडाला पदर लावला.

"दुकान कसं चालतं?"

दुकान म्हटलं की व्यापारी दर लागणार. आप्पांनी मान हलवली. "कशाचं दुकान? पोरगं बसायला जागा पाहिजे म्हणून शटर उघडतंय. दिवसभर माश्या मारून राहिलंय."

स्वयंपाकघरात दानम्मांचा फोन वाजला. सोयरीक जमवणारा मध्यस्थ दबक्या आवाजात सांगत होता, "वैनी, मुलीचे मामा-मामी आजच निघालेत. सांगून गेलं की घर नटून बसतं म्हणून ते न सांगता जातात. सावध राहा."

दानम्मांच्या हातातली चहाची पातेली तशीच राहिली. त्या पदर सावरत धावत बाहेर आल्या. "पाव्हणे, वर पाच खोल्या हायेत. समद्या आमच्याच हायेत."

नगरपरिषदेच्या माणसांसमोर दानम्मा घाबरून खरं बोलून बसल्या, असं आप्पांना वाटलं. ते घाईनं म्हणाले, "हिचं मनावर घेऊ नका. हिच्या डोक्यावर थोडा परिणाम हाय."

"डोक्यावर?" बाई दोन पावलं मागं सरल्या.

"हाव. त्यांच्या घराण्यातच हाय ते."

डायरी मिटली गेली. "मी मलप्पा," पुरुष म्हणाला. "अक्षराचा मामा. ही साखराबाई, मामी."

आप्पांनी एका झटक्यात चादर ओढली. "एसी हाय. चालू करून दाखवू का? वर चला, खोल्या दाखवतो. ही एकदम शहाणी हाय, तिला काही झालेलं न्हाई."

"आप्पा," मलप्पा शांतपणे म्हणाले, "आताच म्हणलात न्हाई, आताच म्हणता हाय. आमी कोणतं धरावं?"

"एक तर खोटं हाय," साखराबाई म्हणाल्या. "आमच्या पोरीला झाकलेल्या घरात द्यायचं का उघड्या?"

"तोंडाचं आता ऐकत न्हाई," मलप्पा चपला घालत म्हणाले. "रविवारी येतो. नगरपरिषदेचा उतारा दाखवा. त्यात असंल तेच घर."

आणि उताऱ्यात काय येणार होतं, ते आप्पांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेलं होतं. फॉर्ममधली दुरुस्ती फक्त शनिवारच्या सुनावणीत होणार होती. दोन दिवस सोमेश घरात कोणाशी बोलला नाही, आणि तेच आप्पांना सगळ्यात जड गेलं.

शनिवारी सभागृह तुडुंब भरलं. जो तो आपलं घर कसं लहान, कसं जुनं, कसं पडायला आलंय हे कळवळून सांगत होता. कर निरीक्षक धम्मानंद सकाळपासून लिहून लिहून थकले होते. त्या हिशेबानं निम्मं गाव उघड्यावरच झोपत होतं.

आप्पा उठले. घाम पुसला. "माझी हरकत हाय. मला घरपट्टी कमी लागतीय."

सगळ्या माना आप्पांकडं वळल्या.

"कमी?" धम्मानंदांनी पेन खाली ठेवलं.

"सात खोल्या लिहा. दुकान लिहा, गोदाम लिहा, दोन भाडेकरू लिहा. एसी लिहा."

"एसीवर कर नसतो, आप्पा."

"तरी लिहा. आणि शिक्का मारून उतारा आजच द्या. उद्या पोराची सोयरीक हाय."

मागं कुजबुज झाली. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ अवघडून उभे राहिले. "सायेब, मघाशी मी पत्रा म्हणलो होतो. स्लॅब हाय. माझं बी पोरगं तीस वर्षांचं झालंय." मग आणखी एक उठले, मग आणखी चार. संध्याकाळपर्यंत गावात तेवीस मजले वाढले.

रविवारी मलप्पांनी उतारा दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "जमलं."

दानम्मांनी सगळ्यांसमोर डोळे पुसले. आप्पा खुर्चीत सैल झाले. "उतारा मिळाला म्हणून बरं, न्हाईतर सोयरीक गेलीच होती."

"कशाची जाते?" मलप्पा म्हणाले. "गुरुवारीच अक्षराला सांगितलं होतं, दोन खोल्या हायेत, वर पत्रा हाय, पावसात गळतंय. ती म्हणली, गळू द्या, मला पोरगा पसंत हाय."

"मग उतारा कशाला मागितला?"

"मला बघायचं होतं, तुमी कवातरी खरं बोलता का न्हाई."

सोमेश तीन दिवसांत पहिल्यांदा हसला. आप्पा मात्र हातातल्या उताऱ्यावरचा गोल शिक्का अंगठ्यानं हळूच घासून बघत होते. शाई पक्की वाळली होती.