जंतुमुक्त जिवंत खत

कृषी कार्यालयाच्या मागच्या शेडमध्ये जिवाणू वाढवले जात आहेत, अशी गंभीर बाब स्वच्छता निरीक्षकांच्या निदर्शनास आली. बाब कोणी लपवलेली नव्हती. दारावर तशी पाटीच होती.

शेड खत अधिकाऱ्याच्या ताब्यात होती. हा माणूस नोकरीत नवा असल्यामुळे काम करायचा. तयार गांडूळखतात तो उपयोगी जिवाणू मिसळायचा, वर ओलं गोणपाट टाकायचा आणि ढीग सावलीत मुरू द्यायचा. हे जिवाणू हवेतलं नत्र मुळांपर्यंत पोचवतात, मातीत अडकून बसलेलं स्फुरद मोकळं करतात. पहिला ढीग त्याच्या थोरल्या बहिणीने नेला. शहराबाहेर तिची टोमॅटोची शेती होती. दरवर्षी माना टाकणारी तिची रोपं यंदा कमरेएवढी झाली.

"तुझ्या शिक्षणाचा घरात पहिल्यांदाच कुणाला उपयोग झाला," ताई फोनवर म्हणाली. तो दिवसभर उगाचच हसत होता.

संचालकांनी बैठक बोलावली.

"सरकारी आवारात जंतू?" निरीक्षक कडाडले.

"उपयोगी आहेत, साहेब," अधिकारी म्हणाला.

"स्वतःला उपयोगी तर इथे सगळेच समजतात."

संचालक समतोल वृत्तीचे होते. जो शेवटी बोलेल त्याचं त्यांना पटायचं. या वेळी दोघं एकदमच गप्प झाल्याने त्यांना दोघांचंही पटलं. खतात जिवाणू जरूर मिसळावेत, मात्र मिसळण्यापूर्वी आणि मिसळल्यानंतर ढिगावर जंतुनाशक फवारावं, असं ठरलं.

"पण त्याने ते मरतील, साहेब!"

"तुम्हीच म्हणालात ना, ते चांगले आहेत म्हणून?" संचालकांनी प्रेमाने समजूत घातली. "मग त्यांना कशाला काय होतंय? जंतुनाशक वाईट जंतूंसाठी असतं."

फवारणी सुरू झाली. गांडुळं ढिगातून बाहेर पडून भिंतीच्या कडेने चालू लागली. ही हालचाल विनापरवाना असल्याने ती झाडून टाकण्यात आली. तसंही, गांडूळखतात गांडूळ सापडणं ग्राहकाच्या दृष्टीने आक्षेपार्ह होतं. मग ओल डोळ्यांत आली, म्हणून खत यंत्रात भाजून कोरडं केलं. मातकट वासाबद्दल कुजबुज झाली, म्हणून गुलाबाचं अत्तर शिंपडलं. काळा रंग अस्वच्छ वाटतो, असं निरीक्षकांच्या पत्नीचं मत पडल्यावर त्यात पांढरी भुकटीही मिसळली गेली.

अधिकाऱ्याने पहिल्या बदलाला जोरात विरोध केला. दुसऱ्याला हळू आवाजात केला. पुढचे सगळे विरोध त्याने मनातल्या मनात नोंदवले. त्याला दार असलेली केबिन मिळाली. पाकिटावरचा 'जंतुमुक्त जिवंत खत' हा मजकूरही अखेर त्यानेच सुचवला.

पुढच्या हंगामात ताईने तीच पाकिटं शेतात टाकली. भावाच्या खात्याचं खत, म्हणून तिने उघडून हुंगूनही पाहिलं नाही. अर्ध्या शेतातली रोपं वाळली. ती एक सुकलेलं रोप घेऊन थेट केबिनमध्ये आली आणि ते तिने टेबलावर ठेवलं. काचेवर माती सांडली.

"हे काय दिलंस रे मला?"

"ताई, ते प्रमाणित आहे."

"मेलंय ते! तुला माहीत होतं ना?"

त्याने उठून केबिनचं दार लावून घेतलं. "हळू बोल गं, बाहेर लोक आहेत."

"तू लहानपणी असा नव्हतास," एवढंच ताई म्हणाली आणि निघून गेली. टेबल पुसायला त्याने शिपायाला बोलावलं नाही. स्वतःच पुसलं.

त्या रविवारी तो न सांगता ताईच्या गोठ्यामागे जाऊन उभा राहिला. पहिल्या ढिगातलं थोडं खत तिने शेणाकचऱ्यावर टाकून जगवलं होतं. ताईने घमेलं त्याच्या हातात दिलं. आता दर रविवारी तो तिथे कोपरापर्यंत हात घालून ढीग खालीवर करतो. सोमवारी केबिनमध्ये बसून जंतुमुक्त पाकिटांना मंजुरी देतो. दोन्ही कामं तो मन लावून करतो.

ताईने बाजाराच्या फाटकाशी खत विकायला ठेवलं. तुम्हीही आला होतात. तिने ओंजळभर काळं, ओलं खत तुमच्यासमोर धरलं, तेव्हा त्यात एक गांडूळ वळवळलं. "शी!" म्हणून तुम्ही मागे सरलात आणि समोरच्या दुकानातून सुवासिक पाकीट घेतलंत. घरी रोप वाळलं, तेव्हा तुम्ही कुंडी बदललीत. पाकीट मात्र पुन्हा तेच आणलंत.