एकवीस खांब आणि एक मैदान

"आधी स्टेडियम उरकून टाकू. अर्ध्या तासाचं काम. मग दिवसभर तुझे खांब," घड्याळजी बायकोला म्हणाले आणि तिथंच माती खाल्ली.

बायको शाळेत इतिहास शिकवायची. प्राचीन नगरीच्या भग्न सभागृहाचे एकवीस खांब तिनं एकतीस वर्षं फळ्यावर काढले होते. दरवर्षी एखादं पोर विचारायचंच, "बाई, तुम्ही पाहिलेत?" बाई फळ्याकडे वळायच्या. सोमवारी निवृत्तीआधीचा शेवटचा तास होता आणि या वेळी खांब डोळ्यांनी पाहूनच येईन, असं तिनं वर्गाला कबूल केलं होतं. प्रवासाचा सगळा घाट त्यासाठीच. उद्या पहाटे परतीची गाडी होती.

स्टेडियममध्ये खेळाडूंची खोली पाहून बघायला आलेली मंडळी गच्चीकडे निघाली. घड्याळजी मात्र मागे रेंगाळले. कप्तान जिथं तोंड धुतो तिथं आपणही धुवावं, अशी त्यांना हौस आली. न्हाणीघराची कडी आतून लागली ती लागलीच. जन्मभर दुसऱ्यांची बारीक यंत्रं उघडली, पण ही कडी काही बधेना.

बायकोनं त्यांना आधी चहाच्या टपरीवर शोधलं, मग टोप्यांच्या दुकानात. शेवटी सफाईवालीनं दारावरच्या थापा ऐकल्या. सुतार शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. तो येऊन कडी कापेपर्यंत तीन वाजले.

बसनं दोन तास. फाटकाशी पोचले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बंद झालं," पहारेकरी म्हणाला. मग बाईंचा चेहरा बघून विरघळला. "बरं, शेवटची मंडळी अजून आत आहेत. ती येईपर्यंत दहा मिनिटं जाऊन या." त्यानं किल्ली काढली आणि त्याची नजर घड्याळजींच्या गळ्यातल्या पासावर गेली. "स्टेडियम बघून आलात? गवत कसं आहे हो?"

"गवत? गालिचा म्हणा," घड्याळजी खुलले.

"अहो," बायको म्हणाली.

"एक मिनिट गं. आणि ती कप्तानाची खुर्ची..."

पहारेकरी किल्ली हातात धरून ऐकत राहिला. बायकोनं आणखी दोनदा हाक मारली. तेवढ्यात शेवटची मंडळी बाहेर आली, सोबत पहारेकऱ्याचे साहेबही आले. त्यांनी त्याच्या हातातली किल्ली घेतली, कुलूप घातलं आणि निघून गेले.

गजांतून दोनच खांब दिसत होते. बायको ते बघत उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. घड्याळजींना वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. आयुष्यात तिनं एकच गोष्ट मागितली होती, आणि ती आपण गप्पांत घालवली.

"चुकलंच माझं," ते म्हणाले. "सोमवारी वर्गात काय सांगशील?"

बायकोनं पदरानं डोळे पुसले.

"मोठमोठी राज्यं बाहेरच्या शत्रूनं नाही, घरच्याच माणसानं घालवली, हे एकतीस वर्षं पुस्तकातून शिकवलं. आता पाहून आले म्हणून सांगेन."