पाळण्यातले आठ फोन

मैत्रीच्या पाळण्यात त्या दिवशी आठ फोन निजले होते. तीन महिन्यांची मैत्री आईबरोबर मंचेरियलला आजोळी गेली होती, आणि तिच्या आत्याने, हर्षालीने, पाळण्याचा ताबा घेतला होता. जेवायच्या पाटावर आठही फोन नाड्याने आवळून तिने तो पाट पाळण्यात ठेवला होता. पाळण्याला सुतळी बांधलेली, आणि सुतळीचं दुसरं टोक स्टुलावरच्या पंख्याच्या जाळीला. पंखा इकडून तिकडे मान फिरवी, तसा पाळणा हले, आणि आपण हललो हे कुठल्या फोनला कळलं नि कुठल्याला नाही, ते कोपऱ्यातला जुना लॅपटॉप आपोआप टिपून घेई. फोनला उजेड कळतो का ते पाहायला जयंतीच्या मिरवणुकीतली लुकलुकत्या दिव्यांची माळ वर टांगली होती. आवाज कळतो का, त्यासाठी स्वयंपाकघरात कुकर होताच.

आदिलाबादला लागूनच्या मावल्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात एवढ्या सरंजामानंतर माणसांना जागा उरली नव्हती. हर्षालीचे वडील धम्मदीप तहसील कचेरीत कारकून होते. ते दारातूनच पायात चपला सरकवत म्हणाले, "कंपनीत फोन तपासाले लाखालाखाच्या मशिनी लागतात. तू पंखा न् पायना घेऊन बसली. हे मंजूर होनार नाई. मी सोमवारची हैदराबादची सीट पक्की करून येतो."

हैदराबादेत एका मोठ्या काचेच्या दुकानात उभं राहून गिऱ्हाइकांना फोन दाखवायची नोकरी त्यांनी मुलीसाठी ठरवली होती.

"करा पक्की," हर्षाली मान वर न करता म्हणाली. "पन त्या सीटवर तुमीच बसा."

ती एवढं बोलू शकली, कारण प्रतिभा मॅडमने तिला शब्द दिला होता. मॅडमची संस्था आदिलाबादेत होती. गावोगाव फिरून बायाबापड्यांची विचारपूस करणाऱ्या ऐंशी जणींना ती जुने फोन देणार होती. त्यातले आठ नमुन्यादाखल हर्षालीकडे आले होते. आज संध्याकाळपर्यंत त्यांची बिनचूक तपासणी झाली, तर उरलेलं सगळं काम तिचं. नाही तर सोमवारची गाडी.

मॅडमची एक अट मात्र होती. "बेज्जूरकडच्या रानातल्या रस्त्यानं आपली तुळजाबाई गाडीवर एकटी जाते. ती पडली तर फोननं स्वतःहून मला कळवलं पाहिजे." आठही फोनांत त्यासाठी मॅडमचाच नंबर घातलेला होता. जोरात आपटला की फोन ओरडून विचारी, अपघात झाला का? मिनिटभरात कोणी उत्तर दिलं नाही, की ठिकाणासकट मॅडमला निरोप.

सकाळच्या फेरीत आठही फोन बाकी सगळ्या रकान्यांत पास झाले. हा एकच रकाना कोरा राहिला. दुसऱ्याचे फोन फरशीवर आपटायचे तरी कसे?

"आजी, मी शहरातून लोहचुंबक घेऊन येतो. फोनले दिशा बरोबर कळते का, पुन्ना पाहाचं हाय," हर्षाली पंखा पुन्हा चालू करत म्हणाली. "कोनाले आत जाऊ देऊ नको. फोन वाजले, ओरडले, काही झालं, तरी हात लावाचा नाई. परीक्षा हाय त्यायची."

चंपाबाई उंबऱ्यावर बसल्या. पंच्याहत्तरीच्या बाईला पहारा देणं अवघड नव्हतं. ज्वारीच्या शेतात माळ्यावर बसून त्यांनी आयुष्यातली पंधरा वर्षं पाखरं हाकलली होती. पण पाखरांकडे पाहताना जीव असा खालीवर होत नसे. आत पाळणा हलत होता आणि पाळण्यात लेकरू नव्हतं.

सकाळी त्यांनी सांगून पाहिलं होतं. "रिकामा पायना हालवू नये. लेकराचं पोट दुखते."

"रिकामा कुठं? आठ फोन हायेत," हर्षाली म्हणाली होती.

"आई, आपल्या घरात हे असलं चालत नाई," धम्मदीप म्हणाले होते.

"तुह्या घरात नाई चालत. पायन्यात चालते."

पाच मिनिटं त्यांनी कशीबशी काढली. मग त्या उठल्या. फोनला हात लावायचा नाही असं पोरीने सांगितलं होतं. पाळण्याला लावायचा नाही असं नव्हतं. त्यांनी पाट्यावरचा वरवंटा उचलला. प्राणहितेच्या काठचा काळा दगड होता तो. लग्नात आईने बैलगाडीत घालून दिलेला. या घरातल्या प्रत्येक बारशाला लेकराच्या आधी तोच पाळण्यात गेला होता, आणि धम्मदीपच्या बारशाला तर पावसाने पाहुणेच आले नाहीत, तेव्हा सबंध दुपार तो एकटाच झुलला होता. चंपाबाईंनी त्याला मैत्रीच्या दुपट्यात गुंडाळलं, रीतीप्रमाणे टोपरं घातलं आणि फोनांच्या शेजारी निजवलं.

आता पाळणा हलेना. पंख्याची मान अर्ध्यातच अडू लागली. चंपाबाईंनी एकचं बटण सोडून तीनचं दाबलं. पंख्याने जोर केला, स्टूल इंचइंच पुढे सरकलं, फरशीच्या कडेला अडखळलं आणि पंख्यासकट आडवं झालं. सुतळीला असा हिसका बसला, की पाळणा जाऊन लोखंडी कपाटावर आदळला. वरवंटा गडगडत पाटावरून गेला आणि टोपऱ्यासह खाली पडला.

पाळण्यातून एकदम कालवा उठला. चंपाबाईंनी पंख्याची वायर उपटली आणि फोनांकडे पाहिलं. जीव तोडून ओरडत होते. "लावा जोर," त्या म्हणाल्या, आणि सांगितल्याप्रमाणे कशालाच हात न लावता दार ओढून पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसल्या.

वीस मिनिटांनी दारात अँब्युलन्स उभी राहिली. मागोमाग स्कूटीवर प्रतिभा मॅडम, तोंडचं पाणी पळालेलं. हर्षाली फोन घेऊन ऑटोने निघाली असणार आणि ऑटो दारातच उलटला असणार, असंच त्यांना वाटलं होतं.

अँब्युलन्समधला नागेश स्ट्रेचर ओढत म्हणाला, "पेशंट किधर है, अम्मा?"

"आत कोनी जायाचं नाई. परीक्षा चालू हाय."

नागेश तोवर आत गेला होता. उलटा पंखा, तुटकी सुतळी, आणि कपाटाशी फरशीवर टोपरं घातलेलं दुपटं, निपचित. तो धावत जाऊन शेजारी बसला. हात पुढे करून त्याने ते हळूच उचलायला घेतलं, ते उचलेना.

"इतना भारी?" तो पुटपुटला. मग त्याने टोपरं बाजूला केलं, आतला दगड पाहिला आणि टोपरं पुन्हा होतं तसं घातलं.

एवढ्यात एका बाजूने लोहचुंबक घेऊन हर्षाली आली, दुसऱ्या बाजूने तिकीट घेऊन धम्मदीप.

"मी मीटिंग टाकून आले," मॅडम म्हणाल्या. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागत होता. "गाडी बोलावली. आणि इथं दगड? हर्षाली, मी तुझ्या भरवशावर ऐंशी फोन द्यायला निघाले होते."

"मी म्हनलंच होतं," धम्मदीप तिकिटाची घडी करत म्हणाले. "मॅडम, माफ करा. सोमवारी ती जाऊन राह्यली."

"तिले काऊन बोलता?" चंपाबाई उभ्या राहिल्या. "दगड मी ठेवला. पुन्ना पायना हालला तं पुन्ना ठेवन. ज्याले रागवायाचं त्यानं मले रागवावं."

हर्षाली पाळण्याजवळ गेली. ओरडणं केव्हाच थांबलं होतं. तिने एकेक फोन पाहिला, आणि सहाव्यावर थांबली.

"मॅडम, तुमाले निरोप किती आले?"

"सात. एकामागून एक. सात वेळा माझा जीव गेला."

"फोन आठ हायेत."

हर्षालीच्या हातातल्या यादीत सहा नंबरच्या पुढे तिचीच खूण होती, ठळक. ती मॅडमना दिसलीही नव्हती. हर्षालीने सगळ्यांसमोर पेन काढलं आणि ती खोडली.

"हा मी पास केला होता. सावकाश हालवलं तं याले कळते. आपटलं तं कळत नाई." तिने टेबलावर फोन उघडला. आत कोणीतरी कधीतरी हालचाल टिपणारा भलताच स्वस्त भाग चिकटवून ठेवला होता. "चुकी माही हाय. पायन्यानं सापडलं नसतं. वरवंट्यानं सापडलं."

मॅडमनी फोनच्या पाठीवरची चिठ्ठी वाचली. त्यावर तुळजाबाईचं नाव होतं. मॅडम स्टूल सरळ करून त्यावर बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

"बाकीचे बहात्तर उद्या पाठवते," पाणी पिऊन त्या म्हणाल्या. "सगळे असेच तपासायचे. फक्त माझा नंबर काढून दुसरा कोणाचा तरी घाला."

नागेश वही उघडून दारात उभा होता. "अम्मा, पेशंट का नाव, उमर? ये जगह खाली नहीं छोड सकते."

"वय लिही माह्या लग्नाएवढं. मार काही लागला नाई."

संध्याकाळी मॅडमना पाठवायची तपासणीची रीत धम्मदीप लॅपटॉपवर लिहीत बसले. कचेरीतल्या भाषेत लिहिणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. मंचेरियलहून फोन आला होता. मैत्री दूध पिऊन झोपली होती आणि तिचं पोट ठीक होतं. चंपाबाई शेजारी पाटावर बसून वरवंट्याचं टोपरं नीट करत होत्या.

"सोमवारची सीट रिकामी जाईन," धम्मदीप कुरकुरले.

"गाडीचं चालते. पायन्याचं नाई. तू लिही, एक नंबर."

धम्मदीपनी चष्मा पुसला, मुलीकडे पाहिलं. हर्षाली नवी सुतळी वळत होती, तिने मान वर केली नाही. त्यांनी लिहिलं.

"वाचून दाखव."

"'एक. तपासणीचे वेळी रिकामा पाळणा हलविण्यात येऊ नये.'"

"मोठ्यानं," चंपाबाई म्हणाल्या.