साठ पट दुर्बीण

लॉयड हॉफरने नेमबाजी क्लबच्या शेवटच्या सामन्यात पाच गोळ्या एकाच भोकातून घातल्या. पण असं काही घडलंच नाही, असं क्लबचं म्हणणं आहे. तेव्हा आपणही ते घडलेलं नाही असं धरून सुरुवात करू.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या टेकडीखाली एके काळी शनिवारी बाक मिळायचा नाही. माणसं पहाटेच थर्मास ठेवून जागा धरायची. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवायची, शंभर यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या मारायच्या, आणि भोकं जितकी जवळ, तितका माणूस मोठा. बायका ॲपल पाय घेऊन यायच्या आणि वाऱ्याची निशाणं नवऱ्यांपेक्षा बरी वाचायच्या. पुढे आणणाऱ्या आणि खाणारे, दोन्हीकडून गळती लागली. उरलेल्या मूठभर म्हाताऱ्यांनी ठरवलं, सप्टेंबरचा सामना शेवटचा.

क्लबच्या भिंतीवर विजेत्यांची लाकडी पाटी होती. मर्ल झूकचं नाव तिच्यावर इतक्या वेळा होतं, की कोरणारा खालच्या ओळींत नुसतं ‘वरीलप्रमाणे’ लिहायचा. मर्लच्या शेजारच्या बाकावर जन्म काढूनही लॉयडचं नाव एकदाही नव्हतं. आता एकच ओळ शिल्लक होती.

“दोष दुर्बिणीचा आहे,” लॉयड घरी म्हणाला.

“डोळ्यांचा आहे,” बायको अर्लीन म्हणाली. “काल तू टपालपेटीशी हवापाण्याच्या गप्पा मारल्यास.”

“ती काही बोलेना, तेव्हाच मला संशय आला होता.”

मर्लनेही समजावलं, “अरे, तुझी छत्तीस पट पुरे आहे. त्याच्यापुढे नुसती उन्हाची वाफ दिसते.”

“घाबरलास ना, बेट्या?” लॉयड म्हणाला, आणि त्याने साठ पट दुर्बीण मागवली.

ती जड निघाली. दुर्बिणीसकट बंदुकीचं वजन साडेदहा पौंडांच्या आत हवं, आणि तराजू डोरिसकडे होता. डोरिस गावच्या शाळेतून निवृत्त झालेली गणिताची बाई, आता क्लबची पंच. “जास्त आहे,” ती म्हणाली. “घेऊन जा.”

लॉयडने बंदुकीच्या दस्त्याचा रंग खरवडला. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात स्वयंपाकघर रंगवून उरलेला पिवळा रंग होता तो.

“भिंतीही खरवडणार का?” अर्लीनने विचारलं.

“भिंतींना वजनाची अट नाही.”

तरी थोडं जास्तच भरलं. मग त्याने दस्त्याला आरपार भोकं पाडली. वजन बसलं, पण वारा सुटला की बंदूक शीळ घालू लागली. लॉयडला ती सोयच वाटली: शीळ थांबली की वारा पडला.

सामन्याच्या सकाळी त्याने दुर्बिणीला डोळा लावला आणि त्याला गहिवरून आलं. कागदावरची मुंगी दिसत होती. मुंगीचा स्वभावसुद्धा दिसत होता. दिसत नव्हता तो फक्त कागदाचा नंबर, कारण साठ पटीत बशीएवढीच जागा मावते. बंदुकीची शीळ थांबली. लॉयडने पाच गोळ्या झाडल्या. भोक एकच.

“थांबा! कागदांत काहीतरी घोळ आहे!” डोरिस ओरडली. सगळे कागदांकडे चालत गेले.

लॉयडचा कागद कोरा होता. भोक शेजारच्या, मर्लच्या कागदात होतं.

“मर्ल, हे तू मारलंस?” लॉयडने विचारलं.

“मी अजून वारा पुरता पडायची वाट बघत होतो रे.”

डोरिसने चष्मा पुसला. “दुसऱ्याच्या कागदावरची गोळी धरत नाहीत. लॉयडने काही मारलं नाही. मर्लनेही काही मारलं नाही.”

“मग हे भोक?”

“झालेलं नाही. मर्ल, तुला नवा कागद मिळेल. बस.”

मर्लने भोकात करंगळीचं नख घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाकावर जाऊन त्याने बंदूक पेटीत ठेवली.

“अरे, मार ना!” लॉयड म्हणाला. “ओळ रिकामी आहे.”

“गप बस. एवढं बघितल्यावर आता काय मारू?”

त्याने डोरिसकडून पेन घेतलं आणि तिथेच अर्ज लिहिला:

‘माननीय समिती, आज सकाळी श्री. हॉफर व मी आपापले बाक आपसांत बदलून बसलो होतो, असे मागील तारखेपासून मानण्यात यावे व पाटीवर श्री. हॉफर यांचे नाव कोरण्यात यावे. ते नियमात बसत नसल्यास, क्लब सुरू झाला त्या उन्हाळ्यापासूनचे सर्व सामने, सर्व सभासदांसह, पुन्हा घेण्यात यावेत, ही नम्र विनंती.’