एका गोधडीचं मूल्यांकन

सीमाशुल्क हा राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचा कणा आहे, आणि ते चुकवणारा माणूस स्वतःच्याच नव्हे तर समोरच्या देशाचाही गुन्हेगार ठरतो. हे वाक्य गोपाळरावांनी हिंगोलीच्या एसटी डेपोसमोरच्या कुरिअरच्या दुकानात उच्चारलं, तेव्हा त्यांच्या काखेत तीन जुन्या लुगड्यांची गोधडी होती.

“काका, मी फक्त किंमत काय टाकू इतकंच इचारलं,” दुकानदार मुबश्शीर म्हणाला.

गोपाळरावांची चौतीस वर्षं सरकारी नोकरीत गेली होती, त्यातली शेवटची अकरा जडवस्तूंच्या नोंदवहीवर. त्यांची सही झाल्याशिवाय कार्यालयातली मोडकी खुर्चीसुद्धा मोडकी ठरत नसे. कुठल्याही वस्तूला किंमत असते आणि ती काढता येते, यावर त्यांची श्रद्धा होती. बाकी देवळात ते बायकोसोबत जात.

त्यांची लेक रेवती हॉलंडमध्ये नोकरीला होती आणि डिसेंबरात बाळंत व्हायची होती. बाळंतपणाला आईनं जायचं असतं. पण अनुसूयाबाईंच्या गुडघ्यांनी आधीच नकार दिल्यामुळे व्हिसाला विचारायची वेळच आली नाही. मग त्यांनी स्वतःऐवजी गोधडी पाठवायचं ठरवलं. आईची दोन लुगडी, सासूबाईंचं एक, आणि मधोमध रेवतीच्या बारशातल्या झबल्याचा तुकडा. सत्तेचाळीस दिवस त्या टाके घालत होत्या. “लेकराला पयले जुन्यात घ्यायचं,” त्या म्हणत. “नवं कापड बोचतं. जुन्यात माणसं असतात.”

शेजारच्या निर्मलाबाईंचा भाचा तिकडेच निघाला होता आणि त्याच्या बॅगेत जागाही होती. पण दुसऱ्याच्या बॅगेत आपली वस्तू पाठवणं याला गोपाळराव तस्करी म्हणत. शेवटी रेवतीनंच मार्ग काढला. परदेशात राहणाऱ्यांना गावाकडच्या वस्तू ऑनलाइन मागवता येतील अशी एक वेबसाइट होती. तिकडून ऑर्डर टाकायची, इकडे एजंटानं घरच्यांकडून वस्तू उचलायची. हिंगोलीचा एजंट मुबश्शीरच होता. त्यामुळे मुबश्शीरच्या संगणकावर आता विक्रेता म्हणून अनुसूयाबाईंचं नाव होतं, ग्राहक म्हणून रेवतीचं, आणि किमतीचा रकाना रिकामा होता.

“पाचशे टाकतो. जुनं कापड हाय,” मुबश्शीर म्हणाला.

गोपाळरावांनी घरी फोन लावला.

“माझ्या आईच्या लुगड्याचे पाचशे?” अनुसूयाबाई म्हणाल्या. “त्याला इचारा, त्याच्या आईच्या दुपट्ट्याचे किती.”

गोपाळरावांनी हे विचारलं नाही. ते गोधडी घेऊन परत घरी आले आणि मूल्यांकनाला बसले.

मूल्यांकन तीन दिवस चाललं. लुगड्यांची मूळ किंमत, त्यातून घसारा वजा. अनुसूयाबाईंचं म्हणणं असं की लुगडं जितकं जुनं तितकं मऊ, तेव्हा घसारा मिळवायला पाहिजे. यावर मधला मार्ग निघाला. नंतर मजुरी. गोपाळरावांनी सत्तेचाळीस दिवसांना रोजगार हमीचा दर लावला आणि पुढे “अकुशल” असं लिहिलं. तो कागद अनुसूयाबाईंनी डाळ निवडताना वाचला. त्या रात्री भाजी अळणी होती. दुसऱ्या दिवशी भाजीच नव्हती. तिसऱ्या दिवशी गोपाळरावांनी “कुशल कारागीर” अशी दुरुस्ती केली, दुरुस्तीवर सही केली, आणि एकूण किंमत एकोणतीस हजार चारशे निघाली. “प्रमाणित करण्यात येते की” असं सुरू होणारं पत्रक त्यांनी त्याला जोडलं आणि खाली “निवृत्त” असा शिक्का मारला.

मुबश्शीरनं पत्रक वाचलं आणि टेबलावरचा पंखा बंद केला.

“काका, एवढी किंमत टाकली तर ताईला तिकडं टॅक्स बसंल.”

“खरी किंमत आहे.”

“खरी असंल. पण खरी काहून टाकून राहिले?”

या प्रश्नाला उत्तर देणं गोपाळरावांना कमीपणाचं वाटलं. गोधडी गेली.

पंधराव्या दिवशी रेवतीचा फोन आला. “बाबा, इथल्या कस्टमचा मेसेज आलाय. टॅक्स भरल्याशिवाय सोडत न्हाईत. आपले दहा हजार होतात.”

“दहा हजार? कशावर?”

“तुम्हीच लिहिलेल्या किमतीवर. ऑनलाइन खरेदी म्हणून लावलाय. भेट म्हणून साधी पाठवली असती तर वेगळं होतं.”

“मग ही आकारणी चुकीच्या सदरात झाली,” गोपाळराव ताठ बसत म्हणाले. “भरायचे न्हाईत. आपण अपील करू.”

“बाबा, मला नववा लागलाय.”

“अपील मी लिहितो. तू फक्त पुढं पाठव.”

अनुसूयाबाई मागून म्हणाल्या, “अहो, भरू द्या ना तिला. लेकराच्या आधी पोचली पायजे.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्वाला थंडी वाजत न्हाई.”

रेवतीनं मात्र फारसा वाद घातला नाही. “बघा तुमी,” एवढंच म्हणाली. लेकीला आपला मुद्दा पटला, याचं गोपाळरावांना समाधान वाटलं.

अपील चार पानी होतं. ज्या इंग्रजीत त्यांनी एकेकाळी तेरा कपाटं निर्लेखित केली, म्हणजे मोडीत काढली होती, त्याच इंग्रजीत त्यांनी लिहिलं की आई मुलीला गोधडी विकत नसते. येथे कसलाही व्यवहार झालेला नाही. सदर वस्तूत मायेशिवाय काही नाही, आणि मायेचं मूल्य काढता येत नाही. सोबत त्यांनी स्वतः काढलेल्या मूल्याचं प्रमाणपत्र पुन्हा जोडलं.

उत्तर दोन ओळींचं आलं. मूल्य काढता येत नसेल, तर सोबतचं प्रमाणपत्र कशाचं आहे, याचा खुलासा करावा.

“शंका रास्त आहे,” गोपाळराव म्हणाले. समोरही कोणीतरी नोंदवहीचा माणूस बसला आहे, हे पाहून त्यांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. त्यांनी सविस्तर खुलासा तयार केला. कुठलं लुगडं कोणाचं, हे दाखवणारी वंशावळ काढली. अनुसूयाबाईंच्या सिद्धेश्वर गावच्या मामेभावाला फोन करून एका लुगड्याच्या खरेदीचं साल पक्कं केलं. यात बारा दिवस गेले. खुलासा पाठवायला ते मुबश्शीरच्या दुकानात गेले, तेव्हा त्यानं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. गोदामात ठेवायची मुदत संपली होती. पुढे लिहिलं होतं: विक्रेत्याकडे परत.

अकरा डिसेंबरला बाळ झालं. मुलगी. जावई चिन्मय यांनी फोनवर दाखवली. अनुसूयाबाईंनी चष्मा पुसला, फोन जवळ घेतला, लांब धरला.

“कशात गुंडाळलंय लेकराला?”

“दवाखान्याचं कापड आहे, आई,” चिन्मय म्हणाले.

“नवं हाय,” अनुसूयाबाई म्हणाल्या. पडद्यावर बाळाच्या खांद्यापाशी त्यांनी बोटानं काहीतरी सारखं केलं. चित्र एकदम मोठं झालं आणि नुसतं पांढरं कापड दिसायला लागलं. मग त्यांनी फोन नवऱ्याकडे दिला आणि आत गेल्या. त्या दिवशी जेवणात सगळं व्यवस्थित होतं. गोपाळरावांना अळणी भाजी परवडली असती.

जानेवारीत मुबश्शीर स्वतः घरी आला. चहा समोर आला तरी त्यानं कप उचलला नाही.

“काका, मुंबईला माल आलाय. पण कस्टममधी अटकला.”

“आपलीच गोधडी आहे.”

“व्हय. पण परदेशातून येऊन राहिली. एकोणतीस हजार चारशेची वस्तू हाय, असं त्यांच्या कागदावर हाय. आता इकडची ड्युटी.”

“ही इथूनच गेली होती. हिंगोलीतून.”

“तीच हाय म्हणून पुरावा मागून राहिले. जाताना फोटो काढून खूण नोंदवायला पायजे होती. मी सांगितलं असतं, पण तुमी पत्रक आणलं तवा मला वाटलं, आता काहीच राहिलं नसंल.”

मुबश्शीर खाली वाकून म्हणाला, “एक तरकीब हाय. अर्ज टाका की हे जुनं कापड हाय, बाजारात किंमत काहीच न्हाई, आधीचं पत्रक गलत हाय. बराबर सुटंल.”

“गलत?”

“कागदावर फक्त.”

गोपाळराव दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. अर्ज लिहायला घेत आणि “किंमत निरंक” या शब्दांपाशी थांबत. तिसऱ्या दिवशी अनुसूयाबाई शेजारी येऊन बसल्या.

“लिहा की. घरी तरी येऊ द्या तिला.”

“त्या पत्रकावर माझी सही आहे.”

“आणि लुगडं माझ्या आईचं हाय.” त्यांनी अर्जाचा कागद उलटा करून ठेवला. “किंमत न्हाई असं लिहू नका मग. भरून टाका.”

लग्नाच्या एकोणचाळीस वर्षांत त्या दोघांचं एखाद्या सरकारी बाबीवर एकमत झाल्याची ही पहिलीच नोंद. गोपाळरावांनी स्वतःच्या बायकोनं शिवलेल्या गोधडीवर स्वतः ठरवलेल्या किमतीप्रमाणे आयात शुल्क भरलं. पावती मागून घेतली.

फेब्रुवारीच्या शेवटी खोकं आलं. त्यावर इतके स्टिकर होते की पत्ता शोधावा लागला. गोधडीला गोदामाचा वास येत होता. अनुसूयाबाईंनी ती तीनदा उन्हात घातली, डांबराच्या गोळ्या टाकून कपाटात ठेवली, आणि रेवतीच्या येण्याचे दिवस मोजायला लागल्या.

मे महिन्यात रेवती बाळाला घेऊन आली. तिसऱ्या दिवशी दुपारी गोपाळरावांनी कपाट उघडलं आणि गोधडी तिच्यासमोर ठेवली.

“जाताना तुझ्या बॅगेत ने. स्वतःच्या बॅगेत तस्करी होत न्हाई.”

रेवतीनं गोधडीवरून हात फिरवला. झबल्याच्या तुकड्यापाशी हात थांबला. मग तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत आई ताक घुसळत होती. रेवतीनं आवाज खाली आणला.

“बाबा, तिकडं दोन वर्षांच्या आत लेकराला गोधडी घालू देत न्हाईत. श्वास अडकतो म्हणतात. नर्स घरी येऊन तपासून जाते.”

“हे तुला कधी कळलं?”

“सातव्या महिन्यात.”

“मग सांगितलं काहून न्हाई?”

“आईचे निम्मे टाके झाले होते.”

गोपाळरावांनी गोधडीची घडी उलगडली आणि पुन्हा होती तशीच घातली. हिंगोलीत त्या दिवशी त्रेचाळीस अंश तापमान होतं. बाळ कूलरसमोर, नुसत्या फरशीवर, उघडंच झोपलं होतं.