सातवं विधान

तिडके सरांना कुणी आकडा सांगितला, की ते त्या माणसाची उलटतपासणी घेतात. डॉक्टर म्हणाले, "बीपी एकशे तीस." सर म्हणाले, "एकदाच मोजलं? कोणत्या हाताला? चालून आल्यावर का बसल्यावर?" त्या डॉक्टरांनी हात जोडले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी तिथंच होते. असा राग आला मला! पण करते काय, सर माझे पीएच.डी.चे गाइड.

आमच्या कॉलेजात ते मानसशास्त्र शिकवतात. त्यांच्यासमोर एक वाक्य बोलायचं नाही, ते म्हणजे "ही चाचणी विश्वसनीय आहे." बोललात की संपलं.

"चाचणी न्हाई हो मॅडम! त्या दिवशी, त्या माणसांनी दिलेली उत्तरं विश्वसनीय असत्यात. दुसऱ्यांचा आकडा आपल्या प्रबंधात कावून घालता? दुसऱ्याचा चष्मा घालून वाचता का तुमी?"

माझा विषय होता एकटेपणा. घरची सगळी ऊसतोडीला गेली की गावात म्हातारी माणसं मागं राहतात, त्यांचा एकटेपणा. वीस विधानांची चाचणी होती, आणि प्रत्येकाला 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत उत्तरं. दोन गावांतून फॉर्म भरून आणले आणि अल्फा काढला. वीस विधानं एकमेकांशी किती जुळून बोलतात, ते सांगणारा हा आकडा. पॉइंट सातच्या वर गेला की गाइड लोक खूश होतात. माझा आला पॉइंट सत्त्याण्णव! मी पेढे घेऊनच गेले.

सरांनी पेढ्याला हातसुद्धा लावला नाही.

"इतकं जुळतंय? सख्खे भाऊ बी इतकं जुळून बोलत न्हाईत. फॉर्म कुठं भरले?"

"पारावर, सर. सगळ्यांना एकत्र बसवून."

झालं! सरांनी गाडी काढायला लावली. वाटेत मांजरसुंब्याला चहासुद्धा घेऊ दिला नाही. उमापूरच्या बाजूच्या गावात कळलं, की पारावर एक वजनदार आजोबा आधीच बोलले होते, "आमच्या गावात कुणी एकटं न्हाई." पोरांची अब्रू जाईल म्हणून बाकीच्यांनी 'कधीच नाही' लिहायला सांगितलं, वीसच्या वीस वेळा. सिरसाळ्याकडच्या गावात उलटंच. तिथं एकानं उठवून दिलं, सरकारी योजना आलीय. मग सगळे 'नेहमी', तेही वीस वेळा!

"हे तुमचं सत्त्याण्णव," सर कडाडले. "दोन गावं अन् दोन माणसं. बाकी नुसत्या माना!"

माझ्या नोंदणीची मुदत महिन्याअखेर संपत होती. प्रबंधावर सरांची सही झाली नाही तर सहा वर्षं पाण्यात. तरी पुन्हा दारोदार फिरले, एकेकाजवळ बसले. या वेळी आकडा आला पॉइंट अडुसष्ट. संगणक सांगत होता, सातवं विधान काढा, अल्फा पॉइंट सातच्या वर जाईल. ते विधान होतं, "ताट वाढून घेतलं तरी जेवावंसं वाटत नाही."

"काढायचं न्हाई," सर म्हणाले.

मग मात्र माझा तोल गेला. "का नाही, सर? गावात कुणाला ते लागूच होत नाही! एक आजी मला हसली. म्हणाली, भूक लागली की माणूस जेवतंय, असलं काय इचारती? मूळ चाचणीतही ते नाही. तुम्हीच घातलंत. कुठल्या म्हातारीनं सांगितलं होतं तुम्हाला?"

सरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकानं पुसला.

"म्हातारीनं न्हाई सांगितलं," ते हळूच म्हणाले. "ही गेली, लेक बंगळुरूला. मी वाढून घेतो अन् ताटाकडं बघत बसतो. मला वाटलं, सगळ्यांचंच तसं व्हत असंल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं यांच्या हाताखाली काम करतेय, आणि या माणसाला एकदाही विचारलं नाही, जेवलात का म्हणून.

"राहू दे सर ते विधान," मी म्हणाले. "मी मुदत वाढवून मागते."

"कावून? त्यांना लागू न्हाई तर न्हाई." त्यांनी लाल पेनानं सातवं विधान खोडलं. खाली शांतपणे लिहिलं, "हे विधान मार्गदर्शकाने घातले होते. या गटाला लागू पडले नाही, म्हणून वगळले. वगळण्यापूर्वीचा अल्फाही द्यावा."

मग सही केली. पेन टोपणात घालता घालता थांबले आणि आणखी एक ओळ लिहिली.

"विधानाचा आधार : एक व्यक्ती."